आधी कोणाचं फेडायचं?

जानेवारी २०२४ मध्ये मामाजी, म्हणजे माझे सासरे, गेले तेव्हा आमच्या पुढच्या खोलीत बावीस क्विंटल कापूस भरून होता. भाव साडेसहा-पावणेसात हजारांवर अडकला होता, जरा चढेल म्हणून ठेवला होता. भेटायला येणारी माणसं त्या गंजीला टेकूनच बसायची आणि उठताना अंगाला चिकटलेला कापूस झटकायची.

तेरवीच्या दुसऱ्या दिवशी कृषी केंद्रातला मुलगा आला. पाणी प्यायला, मामाजींच्या चार आठवणी काढल्या आणि जाताना ह्यांच्या हातात एक चिठ्ठी देऊन गेला. ४८,००० रुपये. त्यानंतर दोन दिवसांनी आणखी एक माणूस आला. त्याला मी आमच्या घरी कधी पाहिलं नव्हतं. ओट्यावर त्याची चप्पल वाजली तशा आई, म्हणजे माझ्या सासूबाई, स्वयंपाकघरात निघून गेल्या. तेव्हा माझ्या लक्षात आलं, आईंना हे माहीत आहे आणि आम्हा दोघांना नाही.

आमची यवतमाळ जिल्ह्यात सात एकर कोरडवाहू जमीन आहे. कापूस, तूर, थोडं सोयाबीन. लग्नाला नऊ वर्षं झाली होती. मी बी.कॉम. झालेली, गावातल्या बचत गटाचं रजिस्टर मीच लिहिते. पण घरावर कर्ज किती हे मला नऊ वर्षांत कोणी सांगितलं नव्हतं आणि मीही विचारलं नव्हतं. सुनेनं विचारायची ती गोष्ट नाही, असंच धरून चालले होते. मुलालाही विचारायची मुभा नव्हती, हे मला नंतर कळलं. मामाजींची समजूत अशी की ओझं एकाच मानेवर असावं, दोन मानांवर आलं की घर मोडतं. माणूस मायेचा होता. माझ्या मुलीला खांद्यावर घेऊन वावरात न्यायचे. एवढंच की पैशाचं बोलणं निघालं की उठून बैलांकडे जायचे.

त्यांची एक पत्र्याची पेटी होती. ती उघडली तर वर शेतकरी संघटनेचा लाल बिल्ला निघाला. तरुणपणी ते संघटनेत होते. कर्जमाफी हा शब्द कोणी उच्चारला की चिडायचे. माफी गुन्हेगाराला देतात, कास्तकारानं काय गुन्हा केला, कर्जमुक्ती म्हणा, असं सांगायचे. शरद जोशींच्या सभांमधून आलेलं ते बोलणं त्यांच्या अंगात भिनलं होतं. बिल्ल्याखाली पासबुकं, सातबाऱ्याचे जुने उतारे, खताच्या पावत्या, आणि तळाशी एका प्लॅस्टिकच्या पिशवीत सराफाकडच्या दोन चिठ्ठ्या.

त्या रात्री मी दोनशे पानी वही घेतली आणि आईंसमोर बसले. ह्यांना ते बरं वाटलं नाही. बापाची उघडणी कशाला, म्हणाले. आई मात्र बऱ्याच वेळानं बोलायला लागल्या. एकदम नाही, एक रक्कम सांगायच्या, मग चुलीतली राख सारखी करत बसायच्या, मग दुसरी.

बँकेचं पीककर्ज १,५५,०००. कृषी केंद्राची उधारी ४८,०००. ओट्यावर आलेल्या त्या माणसाचे ६०,०००, शेकडा तीन रुपये महिना व्याजानं, २०१९ च्या मे महिन्यात नणंदेच्या लग्नासाठी घेतलेले. त्या बदल्यात मामाजींनी सही केलेला कोरा स्टॅम्प पेपर त्याच्याकडे होता. आईंच्या नावावर महिलांच्या गटातून उचललेलं एका फायनान्स कंपनीचं कर्ज, त्यातले ३२,००० बाकी, दर आठवड्याला हप्ता. ते मामाजींच्या ऑपरेशनला लागले होते. सोन्यावर ७०,०००. त्यात आईंची पोत होती आणि माझा गोफही होता. गोफ माहेरच्या लग्नात घालायला काढून दिला होता, तो परत कपाटात गेला असं मी समजत होते. आईंच्या भावाचे २५,००० हातउसने. मळणीवाल्याचे ६,५००.

बेरीज आली ३,९६,५००. त्यातला सातबाऱ्याच्या इतर हक्कात बोजा म्हणून दिसणारा आकडा फक्त १,५५,०००.

नंतर मी राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणाचे २०१९ चे आकडे वाचले. देशातली साधारण निम्मी शेतकरी कुटुंबं कर्जात, दर कुटुंबामागे सरासरी ७४,१२१ रुपये. महाराष्ट्रात ५४ टक्के कुटुंबं आणि सरासरी ८२,०८५ रुपये. ही सरासरी कर्ज नसलेल्या घरांनाही धरून काढलेली असते. ज्यांच्यावर कर्ज आहे तेवढ्यांवरच वाटली तर ती दीड लाखाच्या घरात जाते. त्या आकड्यांवर माझा अविश्वास नाही. पण सर्वेक्षणवाला आमच्या ओट्यावर येऊन बसला असता तर मामाजींनी त्याला काय सांगितलं असतं? बँकेचं सांगितलं असतं. कृषी केंद्राचं कदाचित. स्टॅम्प पेपरचं सख्ख्या मुलाला सांगितलं नाही, ते परक्याला कसं सांगतील. आणि आईंचा साप्ताहिक हप्ता त्यांच्या लेखी कर्जात मोडतच नव्हता, तो 'बायकांचा गट' होता. घरोघरच्या अशा गोष्टी कोणत्या रकान्यात लिहिल्या जात असतील, हा विचार माझ्या डोक्यातून गेला नाही.

बँकेचं पासबुक मी तीन वेळा वाचलं. २०११ मध्ये ४०,००० ची उचल. तेव्हापासून दर वर्षी मार्चअखेर सगळी रक्कम जमा आणि आठ-दहा दिवसांनी थोडी वाढवून पुन्हा उचल. बाहेरून बघणाऱ्याला वाटेल, किती सरळ व्यवहाराचा कास्तकार. आमच्याकडे याला नवं-जुनं म्हणतात. पीककर्ज एका वर्षाच्या आत भरलं तर केंद्राची ३ टक्के सूट आणि राज्याची डॉ. पंजाबराव देशमुख व्याज सवलत योजना मिळून ३ लाखांपर्यंतचं कर्ज जवळजवळ बिनव्याजी पडतं. ज्या पंजाबरावांनी १९३३ च्या कर्ज लवाद कायद्यासाठी वऱ्हाडातल्या सावकारीशी झुंज घेतली, त्यांचंच नाव योजनेला आहे. पण भरायला मार्चमध्ये घरात एवढी रोकड कुठून असणार? मग अडत्याकडून दहा-बारा दिवसांसाठी पैसे घ्यायचे, बँकेत भरायचे, नवी उचल झाली की अडत्याला परत करायचे. २०२३ मध्ये मामाजींनी त्यासाठी ३,२०० रुपये मोजले आणि पुढच्या हंगामाचा काही कापूस त्यालाच घालायचा शब्द दिला. बिनव्याजी कर्जाची खरी किंमत ही. चाळीस हजारांचं कर्ज बारा वर्षांत एकदाही फिटलं नव्हतं. वाढत वाढत दीड लाखावर गेलं होतं.

आणि नवं-जुनं इतकं नियमित होतं म्हणूनच मामाजींना माफी कधी मिळाली नाही. २००८ ची गोष्ट वेगळी, तेव्हा पाच एकरांहून जास्त जमीन होती म्हणून पूर्ण माफीत बसले नाहीत. २०१७ ची दीड लाखापर्यंतची आणि २०१९ ची दोन लाखांपर्यंतची माफी थकबाकीदारांसाठी होती, आणि ते थकबाकीत नव्हते. २०२२ मध्ये नियमित फेडणाऱ्यांना ५०,००० प्रोत्साहनपर मिळाले, ते लग्नाच्या मंडपवाल्यापासून ऑटोच्या टायरपर्यंत कुठे कुठे गेले ते आईंना आठवत होतं. चावडीवर लोक त्यांना म्हणायचे, भाऊ तू भरलं म्हणून फसला. त्यावर ते काही बोलायचे नाहीत. थकीत यादीत आपलं नाव लागलेलं त्यांना बघवलं नसतं.

मग खरा वाद सुरू झाला, आधी कोणाचं फेडायचं यावर.

मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात कापूस ७,३५० नं दिला, १,६१,७०० झाले. त्या वर्षी तुरीला चांगला भाव होता, नऊ क्विंटल ९,७०० नं गेली. दोन्ही मिळून २,४९,०००. दवाखाना आणि तेरवीचे ४१,०००, वेचणीच्या बायांची थकलेली मजुरी १८,००० वजा जाता हातात १,९०,००० उरले. कर्ज त्याच्या दुप्पट.

आई म्हणाल्या, "पयले माह्या भावाचे द्या. त्याच्या घरी एप्रिलात लगीन हाय. मी कोन्या तोंडानं जाऊ तिथं?"

हे म्हणाले, बँक. बँक भरली नाही तर पेरणीला पैसा कुठून आणायचा.

मी वही पुढे केली. साठ हजारांवर महिन्याला १,८०० व्याज जातं, वर्षाला २१,६००. मामाजींनी चार दिवाळ्यांमध्ये ८६,४०० रुपये नुसतं व्याज दिलं होतं आणि मुद्दल जागच्या जागी. भावाचे पैसे बिनव्याजी आहेत, ते सगळ्यात शेवटी. मी ते गणित मांडलं तेव्हा मला वाटलं होतं की आता बोलायला काही उरलं नाही. आई माझ्याकडे बघून म्हणाल्या, "त्याचं व्याज नाई म्हनून त्याचे बुडवायचे का?"

मला त्याचं उत्तर देता आलं नाही. आजही पूर्ण देता येत नाही. आमच्याकडे कर्ज फेडण्याचा क्रम व्याजावरून ठरत नाही, लाजेवरून ठरतो. ज्याचं तोंड रोज किंवा लग्नकार्यात बघायचं त्याचं आधी. जो चारचौघांत हाक मारेल त्याचं त्याच्या आधी. साप्ताहिक हप्त्याचा कर्मचारी गटातल्या सगळ्या बायांना बसवून ठेवतो, म्हणून घरात मीठ नसलं तरी तो हप्ता जातो. बँक दूर तालुक्याला असते, तिची लाज कागदावरची. जो सर्वात जास्त व्याज खातो, तो मात्र शांतपणे थांबायला तयार असतो, कारण थांबण्यातच त्याचा फायदा. लाजेच्या रांगेत तो नेहमी मागे राहतो आणि वाढत जातो. हे मला कॉलेजात कोणी शिकवलं नव्हतं.

पण माझंही गणित पुरतं बरोबर नव्हतं. व्याज घेणाऱ्यांत बँकेचं सगळ्यात कमी, म्हणून त्यांच्यात ती शेवटी, असं मी लिहिलं होतं. तिथे ह्यांचं म्हणणं खरं निघालं. बँक थकली असती तर सूट गेली असती आणि नव्या कर्जाचा रस्ताच बंद झाला असता. शेवटी ठरलं ते असं: बँक पूर्ण भरायची, पण अडत्याकडून एक रुपया न घेता. आईंच्या भावाला दहा हजार लग्नाआधी. बाकी सगळ्यांना जाऊन तारीख सांगायची. ओट्यावरच्या माणसाला ह्यांनीच जाऊन सांगितलं, जुलैत मुद्दल देतो, स्टॅम्प काढून ठेवा. आमच्या घरातून सावकाराकडे कोणी दिवसाउजेडी गेल्याची ती पहिली वेळ, असं आई म्हणाल्या.

२८ मार्चला आम्ही दोघं बँकेत गेलो. दुसऱ्या दिवशी गुड फ्रायडेची सुट्टी, म्हणून ही गर्दी. व्याज धरून १,६५,७०० भरले. रोखपालानं नोटा मोजल्या तेव्हा ह्यांचा हात काउंटरवरून निघत नव्हता. बारा वर्षांत पहिल्यांदा ते पैसे आमचे स्वतःचे होते. नील दाखला, म्हणजे काही बाकी नसल्याचा कागद, हातात आला आणि आम्हाला वाटलं, एप्रिलअखेर नवं कर्ज होईल.

झालं १९ जुलैला.

मयताच्या नावावर नवं कर्ज होत नाही, आधी वारस नोंद लागते. आई, हे आणि नणंद असे तीन वारस. फेरफार नोंदवला, नोटीस निघाली, पंधरा दिवसांची मुदत गेली आणि मग लोकसभेची निवडणूक आली, सगळे तिच्या कामात. फेरफार प्रमाणित व्हायला मे संपला. बँकेत कागद दिले तर म्हणाले, तिघांच्याही सह्या हव्यात. नणंद अमरावतीला, तिला सहावा महिना होता, एसटीनं आली. पुढच्या खेपेला चतुःसीमा मागितली. त्याच्या पुढच्या खेपेला तालुक्यातल्या बाकी बँकांचे नील दाखले. हे सगळं एका कागदावर एकदाच लिहून दिलं असतं तर आमच्या पाच फेऱ्या वाचल्या असत्या. एका फेरीत आमच्या दोघांचे जाण्यायेण्याचे आणि बुडालेल्या मजुरीचे सात-आठशे रुपये जायचे. मग ह्यांचं सिबिल, म्हणजे कर्जफेडीची पत सांगणारा आकडा, निघालं खराब. कधीतरी हप्त्यावर मोबाईल घेतला होता, त्याचे दोन हप्ते राहिले होते. पीककर्जाला सिबिलची अट लावू नका असं राज्य सरकारनं बँकांना वारंवार सांगितलेलं आहे, ते मी साहेबांना म्हटलं. त्यांनी ह्यांच्याकडे बघून विचारलं, या कोण? माझं नाव सातबाऱ्यावर नाही, त्यामुळे मी तिथे कोणीच नव्हते. मोबाईलचे हप्ते दंडासकट भरून तो दाखला आणला.

यात मृग गेला. पेरणी काय बँकेसाठी थांबते? माझ्या बचत गटातून शेकडा एक रुपया व्याजानं २०,००० घेतले आणि बियाणं रोखीनं आणलं. ८६४ रुपयांचं पाकीट ८६४ लाच मिळालं. मागच्या वर्षी उधारीत आम्हाला प्रत्येक वस्तू किती वाढवून लागली होती हे त्या दिवशी दुकानात उभं राहून कळलं. नगदीला एक भाव आणि उधारीला एक, हे सगळ्यांना माहीत असतं, पण दोन्ही पावत्या शेजारी ठेवून बघायची वेळ कोणावर येत नाही.

१९ जुलैला १,६०,००० खात्यात आले. वहीत मी लिहिलंय तसं इथेही लिहिते: ६०,००० त्या माणसाला, ४८,००० कृषी केंद्राला, २०,००० बचत गटाला परत, आणि ३२,००० खत, निंदण, फवारणी, वेचणीला. पीककर्ज म्हणून घेतलेल्या पैशातला पाचवा हिस्सा पिकाला लागला. बँकेच्या भाषेत हा गैरवापर आहे. मला त्याची लाज वाटत नाही, पण दुसरं काय करता आलं असतं याचा विचार मी अजूनही करते.

त्या माणसानं जानेवारीपासूनचं व्याजही मागितलं. मी कायदा वाचून ठेवला होता. २०१४ च्या सावकारी नियमन कायद्याप्रमाणे परवाना लागतो आणि परवानाधारकालाही शेतकऱ्याकडून तारण असेल तर वर्षाला ९ आणि नसेल तर १२ टक्क्यांवर व्याज घेता येत नाही. याच्याकडे परवाना नव्हता आणि दर ३६ टक्के होता. हे म्हणाले, "त्यानं बहिणीच्या लग्नात अडल्या वेळी दिले होते. त्याच्यासमोर कायदा काढणं बरं दिसत नाही." रात्रभर ते झोपले नाहीत. सकाळी जाऊन फक्त एवढंच म्हणाले की सहा महिन्यांचं व्याज देणार नाही, बाबांनी पुष्कळ दिलंय. त्यानं स्टॅम्प पेपर दिला. घरी आणल्यावर आईंनी तो हातात घेतला, सहीवरून बोट फिरवलं, आणि फाडू नका म्हणाल्या. मामाजींची ती शेवटची सही आहे घरात. पेपरभर आडव्या रेघा मारून 'रद्द' लिहून मी तो पेटीत ठेवला, लाल बिल्ल्याखाली.

पुढचं वर्ष मोठं नव्हतं. सोयाबीनचा हमीभाव ४,८९२ होता, आमचं ओलाव्यामुळे ४,१०० नं गेलं. कापूस सीसीआयच्या, म्हणजे सरकारी कापूस महामंडळाच्या, केंद्रावर दिला म्हणून बाजारापेक्षा बरा पैसा मिळाला. आईंच्या भावाचे उरलेले पंधरा हजार भाऊबीजेला दिले, आईंनी स्वतःच्या हातानं. फायनान्स कंपनीचा शेवटचा हप्ता फेब्रुवारी २०२५ मध्ये गेला. जूनमध्ये बँक भरताना घरचे एक लाख तीस हजार निघाले, चाळीस हजार कमी पडले. ते गटातून आणि दोन मैत्रिणींकडून घेऊन भरले, अकरा दिवसांत नवी उचल झाली, ज्याचे त्याला परत केले. म्हणजे आमचं नवं-जुनं संपलेलं नाही. पूर्वी ते पूर्ण रकमेचं होतं, आता चाळीस हजारांचं आहे. सोन्यावरचे पन्नास हजार भरून पोत सोडवली. गोफ अजून तिकडेच आहे. वहीतली बेरीज सध्या १,८०,०००.

दर अमावास्येला आम्ही तिघं वही घेऊन बसतो. मुलगीही येऊन बसते, तिला बेरीज करायला आवडतं. पहिल्यांदा हे तिला उठवायला निघाले होते, आईच म्हणाल्या, बसू दे.

गेल्या पोळ्याच्या आदल्या रात्री शेजारची जाऊबाई आली. दार लावून घे म्हणाली. पदराआडून पिशवी काढली, तिच्यात पासबुकं, दोन चिठ्ठ्या, एक फायनान्सचं कार्ड. आमच्या ह्यांना सांगू नको, सासऱ्यांना तर नाहीच. मी नवीन वही काढली आणि तिला विचारलं, पहिला आकडा कोणता लिहू? पिशवीतले कागद तिनं एकेक करून चटईवर मांडले, पुन्हा गोळा केले.

"पयले माह्या भावाचे लिही," ती म्हणाली.